एक नजर मागे: 'ओ रव्वार, लेझांफां'मधली मैत्री

[कॅमेऱ्यासमोर. मागे साधी भिंत, एकच दिवा.]

नमस्कार मंडळी.

आज मला एका नजरेबद्दल बोलायचंय. बारा वर्षांचा एक मुलगा वर्गात बसलाय आणि तो मान वळवून मागे बघतो. बस्स, एवढंच. पण त्या बघण्यामुळे मागे बसलेला मुलगा पकडला जातो, आणि ज्यानं बघितलं त्याच्या आयुष्यातून ती सकाळ पुन्हा कधीच जात नाही.

चित्रपटाचं नाव 'ओ रव्वार, लेझांफां'. मराठीत सांगायचं तर 'येतो रे, मुलांनो'. १९८७ सालचा फ्रेंच चित्रपट, दिग्दर्शक लुई माल. 'येतो' हा शब्द मी मुद्दाम वापरलाय, त्याकडे शेवटी येऊच. आणि एक आधीच सांगते, मी आज शेवटासकट सगळं सांगणार आहे. चित्रपट पाहिला नसेल आणि कोऱ्या मनानं पाहायचा असेल, तर व्हिडिओ इथेच थांबवा. १०४ मिनिटांचा आहे. पाहून या, मग बोलू.

[पडद्यावर: फ्रान्सचा नकाशा, पॅरिस आणि फाँतेनब्लो]

जानेवारी १९४४. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात जाऊन साडेतीन वर्षं झालीत. नाताळची सुट्टी संपलीय, आणि पॅरिसच्या एका स्टेशनवर ज्युलिएन नावाचा मुलगा आईला बिलगून उभा आहे. त्याला शाळेत परत जायचं नाहीये. आई त्याच्या कपाळाची पापी घेते आणि लिपस्टिकचा लाल डाग तिथे राहतो. तो रंग लक्षात ठेवा. यानंतर जवळजवळ सगळा चित्रपट करडा, निळसर, थंडीनं गोठलेला आहे. छायाचित्रण रेनातो बेर्ताचं. पाहताना आपल्यालाच हुडहुडी भरते.

शाळा निवासी आहे, कार्मेलाइट पंथाचे पाद्री चालवतात. मुलं बहुतेक श्रीमंत घरांतली. लांबलचक खोलीत लोखंडी खाटांच्या रांगा, अंगात स्वेटरवर स्वेटर, आणि पोट कधीच पुरतं भरलेलं नाही. घरून जॅमच्या बाटल्या येतात. त्या बाटल्यांच्या बदल्यात मुलं स्वयंपाकघरातल्या एका लंगड्या पोऱ्याकडून, जोझेफकडून, पोस्टाची तिकिटं नाहीतर सिगारेटी घेतात. ही जॅमची बाटलीही लक्षात ठेवा. तीसुद्धा परत येणार आहे.

तर या शाळेत, मधूनच, तीन नवे विद्यार्थी येतात. त्यातल्या जाँ बॉने नावाच्या मुलाला ज्युलिएनच्या शेजारची खाट मिळते. 'दुबॉने' नावाचं एक पेय तिथं घरोघरी माहीत होतं, त्यावरून पहिल्याच रात्री पोरं त्याला चिडवायला लागतात. ज्युलिएन स्वतःची ओळख करून देतो ती कशी? मी अमुक अमुक, आणि माझ्या वाटेला गेलास तर मी काय आहे ते कळेल!

मैत्रीच्या कितीतरी चित्रपटांत दोघं भेटतात, जरा कुरबुर होते, मग गळ्यात गळे. इथे तसं नाही. बराच वेळ ज्युलिएनला हा मुलगा आवडतच नाही. याआधी वर्गातला हुशार मुलगा तोच होता, आणि आता गणितात बॉने पुढे, निबंधात बॉनेचं कौतुक. पियानोच्या तासाला तर कहरच. शिकवणाऱ्या बाई म्हणजे इरेन जाकॉब, तिचा हा पहिलाच चित्रपट. ज्युलिएन पियानो बडवतो आणि बाई कंटाळतात. पाठोपाठ बॉने बसतो आणि शूबर्ट असा वाजवतो की बाईंचा चेहरा उजळतो. बाहेर निघालेला ज्युलिएन थांबून वळून बघतो. त्या बघण्यात हेवा आहे, आणि हेव्याच्या तळाशी कुतूहलही आहे. माझ्या मते मैत्रीची पहिली पायरी हीच. ज्याचा आपल्याला हेवा वाटतो, त्याच्यावरून आपली नजर हटत नाही.

मग ज्युलिएन त्याच्यावर पाळतच ठेवायला लागतो. बॉने प्रार्थना म्हणत नाही. घरून त्याला कधी पत्र येत नाही. आईचं विचारलं तर म्हणतो, ती मुक्त विभागात आहे. ज्युलिएन म्हणतो, मुक्त विभाग आता उरलाय कुठे? आणि ते खरंच आहे, नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मनांनी दक्षिण फ्रान्सही घेतला होता. एका रात्री ज्युलिएनला जाग येते, तर बॉने दोन मेणबत्त्या लावून, डोक्यावर टोपी घालून, पुटपुटत उभा. आणि एके दिवशी ज्युलिएन त्याचं कपाट उचकटतो. आत एका पुस्तकावर वेगळंच नाव असतं. जाँ किप्पलस्टाइन.

पण नाव सापडलं तरी ज्युलिएनला त्याचा अर्थ लागत नाही, आणि मला हा भाग फार मोलाचा वाटतो. तो थोरल्या भावाला, फ्रान्स्वाला विचारतो, ज्यू म्हणजे काय रे? भाऊ म्हणतो, जे डुकराचं मांस खात नाहीत ते. बरं, पण लोकांचा त्यांच्यावर राग कशाबद्दल? ते आपल्याहून हुशार असतात म्हणून, आणि त्यांनी येशूला क्रुसावर चढवलं म्हणून. ज्युलिएन लगेच म्हणतो, खोटं, ते तर रोमन लोकांनी केलं. आणि मग विचारतो, म्हणून त्यांना पिवळा तारा लावायला लावतात का?

[जरा थांबून]

आपल्या कोकणात बेने इस्राएली पिढ्यान् पिढ्या राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गावानं त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. घरात मराठी, अंगणात मराठी. त्यांच्या वेगळेपणाला नाव मिळालं ते धंद्यावरून आणि सुट्टीच्या वारावरून. ज्युलिएनच्या फ्रान्समध्ये जून १९४२ पासून जर्मनव्याप्त भागात सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूला कोटावर तारा शिवून हिंडावं लागत होतं. आणि या मुलाच्या प्रश्नाला त्याच्या आजूबाजूच्या एकाही मोठ्या माणसाकडे धड उत्तर नाही. आईकडेही नाही. पुढे हॉटेलात जेवताना तो तिला विचारतो, आपण ज्यू आहोत का? ती आधी दचकते, कुणी ऐकलं तर! मग म्हणते, माझं ज्यूंशी काही वाकडं नाही, आणि त्याच दमात म्हणते, तो लेऑं ब्लूम सोडून, त्याला खुशाल फासावर द्या. ब्लूम म्हणजे फ्रान्सचा माजी पंतप्रधान, ज्यू होता. आणि शेजारी बॉने बसलाय. त्याच टेबलावर. ती प्रेमळ बाई आहे, तिनेच त्याला जेवायला आणलंय. आपण काय बोललो हे तिच्या गावीही नाही.

त्याच हॉटेलात फ्रेंच मिलीस येते. हे जर्मन नाहीत बरं का, ही जर्मनांना साथ देणारी फ्रेंच माणसांची फ्रेंच सशस्त्र संघटना, १९४३ च्या जानेवारीत उभी राहिलेली. ती एका म्हाताऱ्या, सभ्य ज्यू गिऱ्हाइकाला बाहेर काढायला बघते. आणि त्यांना हुसकावून लावतो कोण, तर पलीकडच्या टेबलावरचा जर्मन अधिकारी. देशाच्या नावावरून चांगला कोण नि वाईट कोण ते ठरवायची सोय माल आपल्याला देतच नाही.

आता जंगलाचा प्रसंग. शाळेचा खजिना शोधायचा खेळ असतो. ज्युलिएनला खजिना सापडतो, पण बाकीचे पांगलेले, अंधार पडायला लागलेला, आजूबाजूला नुसते प्रचंड खडक. तिथे त्याला बॉने भेटतो, तोही हरवलेला. दोघं थंडीनं आणि भीतीनं गारठून रस्त्यावर येतात, तर समोर जर्मन सैनिकांची गाडी. बॉने पळत सुटतो. ज्युलिएनला कळत नाही तो का पळतोय, किंवा कळतंय आणि पहिल्यांदाच ते अंगात उतरतंय. सैनिक त्यांना पकडतात, पांघरूण देतात आणि शाळेत आणून सोडतात. आम्ही बव्हेरियाचे, आम्हीही कॅथलिक, असं सांगतात. त्या रात्री दोघं एकाच पांघरुणाखाली आहेत, पण त्यातल्या एकालाच माहीत आहे की आपण मरणाच्या दारातून आलो.

यानंतरही लगेच गोडीगुलाबी नाही. शाळेच्या दवाखान्यात दोघं शेजारी पडलेत. ज्युलिएन त्याला मांसाची पेस्ट देऊ करतो, तो नको म्हणतो. डुकराचं आहे म्हणून? तू सारखे मूर्खासारखे प्रश्न का विचारतोस? कारण तुझं नाव बॉने नाहीच, किप्पलस्टाइन आहे! आणि बॉने त्याच्यावर झडप घालतो. मला ही हाणामारी पटते. जिवावरचं गुपित एका पोरानं दुसऱ्या पोराच्या तोंडावर फेकलंय, ते शहाणपणानं कसं फेकेल?

मग मात्र बर्फ वितळतं. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतो, सगळे तळघराकडे पळतात, आणि ही दोघं वरच राहून एका पियानोवर धमाल बूगीवूगी वाजवत बसतात. रात्री बॅटरीच्या उजेडात 'अरेबियन नाइट्स' वाचतात. सकाळपर्यंत जीव वाचावा म्हणून गोष्ट सांगत राहणारी शहरजाद, आणि ती गोष्ट वाचणारा हा मुलगा. माल यावर एक शब्द बोलत नाही. आणि एकदा ज्युलिएन विचारतो, तुला भीती वाटते का?

बॉने म्हणतो, सतत.

[थांबून]

आता जोझेफ. स्वयंपाकघरातून वस्तू चोरून काळ्या बाजारात विकताना तो पकडला जातो. चौकशीत कळतं, घरून आलेला खाऊ विकणाऱ्यांत सात विद्यार्थीही आहेत, ज्युलिएन आणि त्याचा भाऊसुद्धा. मुलांच्या घरच्यांकडे बघून मुलांना ठेवून घेतात. जोझेफला काढून टाकतात. फादर जाँ, शाळेचे मुख्याध्यापक, स्वतःच मुलांना सांगतात की हा अन्याय आहे, पण माझा इलाज नाही. हेच फादर काही दिवसांपूर्वी चर्चमध्ये श्रीमंत पालकांच्या तोंडावर श्रीमंतीविरुद्ध प्रवचन देऊन मोकळे झालेत. आणि हेच फादर तीन ज्यू मुलांना खोट्या नावांनी लपवून आपला जीव पणाला लावताहेत. इतक्या मोठ्या माणसाच्या हातून एका गरीब, लंगड्या पोरावर अन्याय होतो, आणि तो पोरगा जाऊन गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, खबर देतो.

पहिल्यांदा चित्रपट पाहिला तेव्हा मला जोझेफचा नुसता संताप आला होता. दुसऱ्यांदा पाहताना त्याचं एक वाक्य कानात रुतलं. धरपकडीच्या दिवशी तो जर्मनांबरोबर अंगणात उभा असतो, ज्युलिएन त्याला बघून गोठतो. जोझेफ म्हणतो, तुमच्याशी व्यवहार केला नसता, तर त्यांनी मला कधीच हाकललं नसतं.

जॅमची बाटली. ज्युलिएनच्या आईनं प्रेमानं पाठवलेली.

[पडद्यावर काळं. मग पुन्हा कॅमेऱ्यासमोर, जवळून.]

तर ती नजर.

वर्ग चालू आहे. गेस्टापोचा म्युलर नावाचा माणूस आत येतो आणि विचारतो, तुमच्यापैकी जाँ किप्पलस्टाइन कोण? कुणी बोलत नाही. बहुतेक मुलांना ते नाव माहीतच नाही, ती खरोखरच बुचकळ्यात पडलीत. म्युलर भिंतीवरच्या युद्धाच्या नकाशाकडे जातो. दोस्त राष्ट्रांच्या फौजा कुठवर आल्या ते दाखवणारे चिमुकले झेंडे तिथे टोचलेले असतात. तो ते उपटायला लागतो. त्याची पाठ वर्गाकडे आहे. आणि तेवढ्यात, पाठ आहे म्हणूनच, ज्युलिएन मान वळवतो आणि बॉनेकडे बघतो.

म्युलर त्याच क्षणी वळतो. त्याला नजर दिसते. ती कुठे गेली ते दिसतं.

मला आज तुम्हाला सांगायचंय ते हेच. काही दिवसांपूर्वीच्या ज्युलिएननं मागे बघितलं नसतं. त्याला नाव माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्याला फिकीर नव्हती. वर्गात इतकी मुलं आहेत, त्यातला एकच वळतो, कारण एकाचाच जीव तिथे मागच्या बाकावर अडकलाय. आपलं माणूस संकटात असलं की डोळे आपोआप तिकडे जातात, मनाला विचारत बसत नाहीत. ज्युलिएनच्या हातून जे घडलं त्याला फितुरी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. काळजीनं बघितलं, आणि त्या काळजीचाच माग काढत म्युलर त्या बाकापर्यंत पोचला. त्या क्षणाला सगळा चित्रपट कसा येऊन मिळतो बघा. पियानोच्या खोलीतलं वळून बघणं, रात्री मेणबत्त्यांकडे चोरून बघणं, कपाटात डोकावणं. दीड तास माल आपल्याला या मुलाचे डोळे दाखवत होता.

बॉने शांतपणे उठतो, वस्तू आवरतो आणि मित्रांशी हात मिळवायला लागतो, तेवढ्यात त्याला ओढून नेतात. नंतर खोलीत सामान भरताना दोघं पुन्हा भेटतात. ज्युलिएनच्या तोंडून शब्द फुटत नाही. बॉनेच त्याला समजावतो, वाईट वाटून घेऊ नकोस, त्यांनी मला कसंही पकडलंच असतं. आणि आपली पुस्तकं त्याला देऊन टाकतो. ज्याला नेताहेत तो मागे राहणाऱ्याचं सांत्वन करतोय. त्यानंही तो भार उतरला नाही, नाहीतर हा चित्रपट झालाच नसता.

कारण हे घडलंय. लुई मालचा जन्म ऑक्टोबर १९३२ चा, साखरेच्या धंद्यातल्या गर्भश्रीमंत घरात. १५ जानेवारी १९४४ ला तो अकरा वर्षांचा होता आणि फाँतेनब्लोजवळच्या आवाँ गावातल्या कार्मेलाइट शाळेत शिकत होता. त्या दिवशी गेस्टापोनं शाळेतून तीन ज्यू मुलांना नेलं, हान्स-हेल्मुट मिशेल, जाक हाल्पर्न आणि मोरिस श्लोसर. हान्स-हेल्मुटचं शाळेतलं खोटं नाव खरोखरच जाँ बॉने होतं. ३ फेब्रुवारीला द्रान्सीच्या छावणीतून सुटलेल्या गाडीतून त्यांना आउशवित्झला पाठवलं, आणि तिथे पोचताच मारून टाकलं. तीन आठवडे. वर्गातून उठवल्यापासून सगळं मिळून तीन आठवडे.

मालनं पटकथेबद्दल म्हटलं होतं की आठवण ही त्याच्या कल्पनेला उडी घ्यायला फळी झाली, भूतकाळ त्यानं नव्यानं रचला. तेव्हा चित्रपटातलं सगळं जसंच्या तसं घडलं असं समजू नका. पण तो १९५० च्या दशकापासून चित्रपट करत होता आणि या गोष्टीला हात घालायला त्याला १९८७ साल उजाडलं, यातच काय ते आलं. आधी त्यानं काय काय केलं! समुद्रसंशोधक जाक कुस्तोबरोबर समुद्राच्या तळाशी कॅमेरा नेला. १९६८ मध्ये भारतात येऊन महिनोन् महिने चित्रीकरण केलं. त्यातून झालेल्या सात भागांच्या माहितीपट मालिकेचा शेवटचा भाग आपल्या मुंबईवर आहे. बीबीसीनं ती मालिका दाखवली तेव्हा दिल्लीचं सरकार इतकं भडकलं की बीबीसीला काही काळ इथलं कार्यालय बंद करावं लागलं. १९७४ मध्ये त्यानं 'लाकोंब, ल्युसियें' केला. गेस्टापोच्या चाकरीत शिरणाऱ्या खेड्यातल्या पोराची गोष्ट, जोझेफचा थोरला भाऊच म्हणा. त्यावरून फ्रान्समध्ये मोठं वादळ उठलं. पुढे तो अमेरिकेत गेला, तिथे चित्रपट केले, आणि परत आला तो या सकाळीकडेच.

१९८७ चं वर्षही बघा. त्याच उन्हाळ्यात लियाँमध्ये गेस्टापोच्या क्लाउस बार्बीवर खटला चालला, ज्याच्या हुकमानं इझ्यू गावातल्या आश्रमातून ४४ ज्यू मुलांना उचललं होतं. ऑक्टोबरमध्ये हा चित्रपट फ्रान्समध्ये लागला. फ्रान्समधून पंचाहत्तर हजारांच्या आसपास ज्यू छावण्यांत पाठवले गेले, आणि त्यात फ्रेंच पोलिसांचा नि फ्रेंच कारकुनांचा हात होता, हे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी उघडपणे कबूल करायला १९९५ उजाडलं. मालच्या चित्रपटातली मिलीस आठ वर्षं आधी पडद्यावर होती. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याला 'सुवर्ण सिंह' हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, फ्रान्समध्ये सात सेझार, म्हणजे तिथले राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार.

[सूर खाली]

आता तो 'येतो'.

आपल्याकडे घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाहीत. चुकून म्हटलं तर आजी उंबऱ्यातच दटावते, 'येतो' म्हण. फ्रेंचांचा 'ओ रव्वार'ही तसाच, 'पुन्हा भेटेपर्यंत'. शेवटच्या प्रसंगात मुलांना अंगणात रांगेत उभं केलंय. फादर जाँना सैनिक घेऊन चाललेत. सगळीकडे चिडीचूप. एक मुलगा म्हणतो, ओ रव्वार, फादर. मग दुसरा, मग सगळेच. फादर वळून म्हणतात, 'ओ रव्वार, लेझांफां. आ बियाँतो.' येतो रे मुलांनो. लवकरच.

खऱ्या फादरचं नाव पेअर जाक, मूळचे ल्युसियें ब्युनेल. माउटहाउजेन आणि गुझेनच्या छावण्यांत ते जगले. ५ मे १९४५ ला अमेरिकन सैन्य तिथे पोचलं तेव्हाही ते जिवंत होते. २ जूनला लिंझच्या रुग्णालयात गेले, पंचेचाळिसाव्या वर्षी. त्यांचा देह आवाँला परत आणला आणि मठाच्या आवारात पुरला. म्हणजे ते आले. मुलांची तर थडगीही नाहीत. १९८५ मध्ये ज्यूंच्या हत्याकांडाची स्मृती जपणाऱ्या इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेनं पेअर जाक यांचा ज्यूंना वाचवणाऱ्या सज्जनांत समावेश केला.

चित्रपटात फादरच्या मागून तिन्ही मुलं दाराकडे जातात. शेवटी बॉने. दारात पोचल्यावर तो थबकतो आणि मागे वळून बघतो. या वेळी वळून बघणारा तो आहे. रांगेतल्या ज्युलिएनचा हात थोडासा वर उठतो, पुरता हलतही नाही. सैनिक बॉनेला ओढतो, आणि दारात नुसता उजेड उरतो. कॅमेरा ज्युलिएनच्या चेहऱ्यावर थांबतो, डोळे भरून येतात, आणि वरून एका प्रौढ माणसाचा आवाज ऐकू येतो. चाळीसहून अधिक वर्षं झाली, पण त्या जानेवारीच्या सकाळचा क्षण न् क्षण मला मरेपर्यंत आठवत राहील, असं तो म्हणतो.

तो आवाज लुई मालचा स्वतःचा आहे.